तिसरा अंगठा

वाडी, ता. राहुरी, जि. अहमदनगर
संक्रांत, १४ जानेवारी १९९७

चिरंजीव सूर्यभान यास आईचा आशीर्वाद. सूनबाई राहीलाही आशीर्वाद, धाकट्याला पापा.

आम्ही दोघी आजी-नात खुशाल आहोत. सोबत पुडीत तिळगूळ घातलाय. आधी तो तोंडात टाक, मग पुढं वाच.

पत्र नेहमी तुझी पूजा लिहिते. आज तिला शेजारी हळदीकुंकवाला धाडून पोस्टमन भिमाजीला धरून बसवलंय. तुझं पत्र त्यानंच आणलं, त्यानंच वाचून दाखवलं, आता उत्तरही तोच लिहितो. मी बोलते आणि तो ते शाळामास्तरासारखं सरळ करतो. मी म्हटलं, "मी ‘हाय’ म्हनलं की ‘हाय’च लिव्ह." तर म्हणतो, "मावशे, पोस्टाची काय इज्जत हाय का न्हाई?"

तुझं पत्र लई कडक. पूजानं मोपेड आपटली, भिमाजीची सायकल वाकवली, गावात नाव घालवलं, म्हणून तू तिला या महिन्यातच सुरतेला नेणार आणि ती तिथं साड्यांना खडे चिकटवणार. बाबा, दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. खडे कुठं पळून चाललेत?

आता मोपेडचं. तू सायकल घ्यायला सांगितलीस, मी म्हैस विकून मोपेड आणली, हे तुला ठाऊक आहे. दुकानात काय झालं ते ठाऊक नाही. दुकानदारानं विचारलं, "आजी, पोरीचं वय?" मी म्हटलं, "सोळावं लागलंय." पंधरा भरली की सोळावं लागतं, आपण असंच मोजतो. त्यानं कागदावर सोळा पुरी लिहिली, माझा अंगठा घेतला आणि पेढा दिला. कागदात काय आहे ते मी विचारलं नाही, त्यानं वाचलं नाही. त्याला विकायची घाई, मला घ्यायची हौस.

सायकल वाकल्यावर भिमाजीनं ग्रामसभेत अर्ज दिला. ठराव झाला, की सोळा पुरी झाल्याशिवाय कुणा पोरापोरीला गाडी विकू नये, दुकानदारानं शाळेचा दाखला बघावा, घरच्यांच्या अंगठ्यावर विसंबू नये. एक नक्कल तालुक्याला गेली, एक दुकानदाराला. ठराव चांगला आहे. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर कसे झुलत जातात ते तू पाहिलंयस. मीही अंगठा दिला, तो दुसरा. अंगठा देताना एकच गोष्ट मनात आली. सोळाच्या आतल्यांवर सगळे तासभर बोलले, साठीच्या पुढच्यांचं कुणी नावच काढलं नाही. म्हणून मीही गप्प बसले.

भिमाजी विचारतोय, "साठीच्या फुडच्यांचं काय मधीच?" लिव्ह बाबा, कळंल.

सूर्यभान, मागचं पत्र पूजानं लिहिलं होतं. ते निम्मंच खरं होतं.

आठ दिवस भरदुपारी मी खळ्यात मोपेड शिकत होते. पूजा मागं बसून ओरडायची, "आजी, हळू! आजी, हळू!" सगळा जन्म मला लोक ‘आटप’ म्हणत आले. हळू म्हणणारी ही पहिलीच. त्या दिवशी दळणाची पिशवी पुढं ठेवून गिरणीपर्यंत गाडी मीच आणली, आणि झकास आणली. पण गिरणीपुढच्या ओट्यावर तुझे थोरले चुलते बसलेले. थोरल्या दिरापुढून उघड्या डोक्यानं कसं जायचं? पन्नास वर्षांची सवय. डावा हात आपोआप पदराला गेला आणि उजव्या हातानं घाबरून मूठ आणखीच पिळली. पुढं भिमाजीची सायकल उभी होती. म्हणजे तोवर उभी होती.

आणि ज्यांच्यासाठी पदर घेतला, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना पदरही दिसला नाही आणि गाडीही. "कोन पडलं गं?" एवढंच म्हणाले.

भिमाजी आत मनीऑर्डर देत होता. तो बाहेर येईतो पूजानं मला उठवून बाजूला बसवलं, हँडल स्वतः धरलं आणि म्हणाली, "मीच चालवत होते." ग्रामसभेतही तेच म्हणाली. मी कोपऱ्यात पदराचं टोक पिळत बसले. गाव हसेल, म्हणून तोंड उघडलं नाही. गाव चार दिवस हसलं असतं. पोरीची तर शाळाच सुटायला निघालीय.

भिमाजीचं पेन थांबलंय. दोनदा "मावशे!" म्हणाला. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. "घे, गोड बोल." आज हा खाल्ल्यावर भांडता येत नाही, म्हणून तर पत्राला आजचा दिवस धरला. खाल्लाय. आता म्हणतो, "सायकल पोस्टाची न्हवती मावशे, माझी सवताची हुती." हे तो लिहीत नव्हता, मी लिहायला लावलं.

तर असं ठरलंय. चैत्रात पूजाला सोळा पुरी होतील, तोवर मोपेड भिमाजीकडे. त्याच्याजवळ लायसन आहे. सकाळी टपालाची थैली आणायला तो राहुरीला जातोच, पूजाला शाळेत सोडील. तो "बघतो" म्हणतोय, मी "हो" लिहायला सांगितलंय. मी गाडीला हात लावणार नाही. लायसन मिळेपर्यंत तरी. भिमाजी हे वाक्य खोडू म्हणतो. खोडायचं नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहून सगळं सांगणार आहे. साठीच्या पुढच्यांचा नियमही घालून घेणार, माझ्यापासून सुरू.

पूजाला नेऊ नकोस. या घरातल्या बायकांचे अंगठे पुरे झाले, आता एक सही होऊ दे.

खाली माझा तिसरा अंगठा. हा लावण्याआधी मात्र कागद दोनदा वाचून घेतलाय.

तुझी आई
लंकाबाई
निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पदराला गेला होता तोच हात.