पडायची शिकवणी

वानाका, जुलै (इकडचा ऐन हिवाळा)

लाडक्या नायरीस थोरल्या बहिणीचे थंडगार आशीर्वाद.

अक्षर तुझ्या लेकीचं, मजकूर माझा. आधी हे वाच: पिपाला खरचटलंसुद्धा नाही.

बर्फात स्नोबोर्डवरून पडून पोरगी हात मोडून घेईल, अशी तुला धास्ती. पण टामा नावाच्या शिक्षकाने पहिला अख्खा दिवस मुलांना फक्त पडायला शिकवलं. डोक्याला हेल्मेट, मनगटांना पट्टे, आणि पडताना तळहात टेकायचा नाही, मुठी मिटून घ्यायच्या. मी बाजूला कॉफी पीत म्हटलं, "पडायला शिकवणी कशाला? आमच्या घराण्यात ते उपजतच येतं."

"मावशी, तू नक्की हात टेकशील," पिपा म्हणाली.

संध्याकाळी गाडीकडे जाताना गोठलेल्या डबक्यावर माझा पाय सटकला आणि मी हात टेकला. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे.

आईने आपल्याला "पडू नका" एवढंच बजावलं. पडलोच तर काय करायचं, हे तिलाही कुणी सांगितलं नसावं.

तुझा खोकला कसा आहे? आईला यातलं काही कळवू नकोस. आणि पिपाला पुढचा आठवडाही शिकवणीला जाऊ दे.

तुझी,
रेविन

(शेवटचं वाक्य मावशीनेच सांगितलं, मी घुसडलेलं नाही. दवाखान्यात ती रडली, ते मात्र लिहू देत नव्हती. – पिपा)