तुम्ही बांधलेली सुतळी

बाबा, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली आणि मी आता बोरगावच्या एका कारखान्यात लागलो आहे. किती दिवस टिकेन ते विचारू नका. मधात नागपूर झालं, इंदूर झालं, एका ढाब्यावर चार महिने झाले, तिथल्या कुत्र्याची गोष्ट वेगळीच आहे, ती राहू द्या. सांगायचं होतं ते सुतळीचं.

बारावीत नापास झालो तेव्हा तुम्ही मला पांढुर्ण्यात व्यापाऱ्याच्या अंगणात, तुमच्या शेजारी संत्र्याच्या पेट्या ठोकायला बसवलं. तुम्ही एकदा बसले की बसले. लांब फळ्या डावीकडे, आखूड उजवीकडे, खिळे ओठांत. हात जाईल तिथं वस्तू. मी मात्र फळी आणायला उठायचो, खिळे आणायला उठायचो, वाटेत ट्रकवाल्याशी बोलत बसायचो, आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुरकुर करायचो. एक दिवस तुम्ही माझ्या कमरेला सुतळीचं टोक बांधलं आणि गुंडी स्वतःच्या पायापाशी ठेवली. दुपारपर्यंत गुंडी संपली. सुतळी फळ्यांच्या ढिगाला, खिळ्यांच्या पोत्याला, ट्रकच्या चाकाला वळसे घालून पार चहाच्या टपरीपर्यंत गेलेली, आणि सगळे ठोकणारे हसून राहिले. तुम्ही विचारलं, पेट्या किती झाल्या? नऊ.

“पाय दुखले म्हणजे काम झालं असं नसते, लेका,” एवढंच म्हणाले. मग भाकर तशीच ठेवून उठले, फळ्यांचा ढीग माझ्यापाशी ओढला आणि तुमच्या मांडणीच्या उलटा लावला, कारण मी डावखुरा. शाळेत याच हातावर छड्या खाल्ल्या होत्या. तुम्ही त्या हातासाठी फळ्या फिरवल्या. “खोट तुह्यात नाही, जागेत हाय.”

इथं बाहेरून एक सर आले आहेत, हिंदी बोलणारे. वाया काय जाते ते शोधा म्हणतात: जास्तीचं चालणं, वाट पाहणं, एकच वस्तू दोनदा उचलणं. मी ऐकतो आणि मला तुमचे ओठांतले खिळे दिसतात. माणूस वाईट नाही, पण हातात घड्याळ घेऊन ते आमच्यासोबत काम करणाऱ्या एका काकूमागं उभे राहिले. काकू रामाकोन्याहून येते, माल क्रेटमध्ये भरते. तिच्या नवऱ्याचं कंबरडं मोडलेलं, घर तिच्याच पगारावर. सरांनी कागदावर लिहिलं, ही फार चालते, पुढच्या महिन्यापासून एक माणूस कमी. काकूला कळलं, तर ती आणखी भराभर चालू लागली.

मी सरांना एक दिवस मागितला आणि तिच्या कमरेला सुतळी बांधली. “बकरी समजला का मले?” म्हणाली, पण बांधू दिली. सुतळी दरवेळी दारापर्यंत जाऊन परत येत होती. रिकामे क्रेट दारापाशी कशाला, विचारलं तर तिनं टेबलाजवळची पाटी दाखवली. पाटीवर ‘खाली’ आणि बाण. “खाली लिव्हलं हाय न. म्हणून भरलेले इथं खाली ठेवतो, रिकामे दारापाशी.” सरांना हिंदीतलं खाली म्हणायचं होतं, रिकामं. त्यांच्या सांगण्यावरून ती पाटी मीच रंगवली होती, आणि शोभेल म्हणून जमिनीकडे बाण माझ्या मनानं काढला होता. वाचणारे सगळे सौसर-पांढुर्ण्याचे, मराठी बोलणारे, मग दुसरं काय समजणार? सरांना मी बाणासकट सगळं सांगितलं. नवीन पाटीवर ‘रिकामे क्रेट’ लिहिलं, क्रेट टेबलाशी आले, काकू जागच्या जागी भरू लागली. दोन दिवस घड्याळ लावून पाहिलं आणि सरांनी तो कागद फाडला. काकूनं मला डब्यातली वांग्याची भाजी दिली, तिखट, नाकातून पाणी आणणारी.

तुमचेच उपकार आहेत हे, बाबा. म्हणून लिहून राहिलो. टाकायला तर पत्ता नाही. पण एक राहिलं. कागद फाडल्यावर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, सुतळीचं हे कुठं शिकलास? तुमचं नाव जिभेवर होतं. पेट्या ठोकणारा बाप सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, मोबाईलवर पाहिलं.