दहापैकी दोन

३ मार्च, सोमवार
आज तुरुंगात एकच मुलाखत, पण डोक्यातून जात नाही. लाकडाच्या वखारीला आग लावल्याचा आरोप. वय सव्वीस, वखार थोरल्या भावाची, आगीत तिथला पहारेकरी गेला. माझं काम नेहमीचंच — प्रश्न विचारायचे, गुण द्यायचे, न्यायाधीशांना कळवायचं की जामिनावर सोडलं तर हा पळेल का, कोणाला इजा करेल का. शून्य म्हणजे निर्धोक. दहा म्हणजे आतच बरा.
घर? आहे, भावाचं. काम? भावाच्याच वखारीत. आधीचा गुन्हा? नाही. बेरीज दोन! इतकी कमी क्वचितच येते. म्हटलं, काळजी करू नका, सुटाल.
तर म्हणाला, "मॅडम, मी पळून जाईन असं लिहा ना."
का, विचारलं तर त्यानं दाराशी उभ्या शिपायाकडे पाहिलं. उठताना एवढंच बोलला — तारखेला न्यायाधीशांसमोर सगळं सांगणार आहे, तोवर इथंच राहू दे.

४ मार्च
साहेबांना सांगितलं. हसले. 'आत राहायची हौस' असा रकाना फॉर्मात नाही म्हणे. नाहीच आहे. घरी तोंड दाखवायची लाज वाटत असेल, अशी मीही मनाची समजूत घातली.

५ मार्च
पत्ता पडताळायला घरी गेले. थोरला अगदी मऊ बोलतो. धाकट्याची खोली झाडूनपुसून ठेवलेली, पलंगावर नवी चादर. लहानपणापासून मीच सांभाळलंय त्याला, म्हणाला. वहिनी दारात उभी. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही थोरलाच देत होता.
मग सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, काही बोलला का हो तो तुमच्याशी? आणि मी — काय जीभ म्हणायची ही माझी — सांगून बसले, की तारखेला सगळं सांगणार म्हणतोय.
थोरल्यानं मान डोलावली. "चांगलंय. मन मोकळं झालं पाहिजे त्याचं."
तो घराचे कागद आणायला आत गेला तेव्हा वहिनी जवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, जास्तीत जास्त किती दिवस आत ठेवता येतं?"
दिराला कंटाळली असेल, असं वाटलं मला. तेव्हा.

६ मार्च
अहवाल दिला. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून किती वेळ बसले होते! पण लिहू काय? वहिनीचा एक प्रश्न? साहेब म्हणाले, शेऱ्याला पुरावा लागतो. रिकामा सोडला.

७ मार्च
सुटला. अट एकच — दर सोमवारी माझ्याकडे येऊन सही करायची. थोरला न्यायला आला होता, खांद्यावर हात टाकून घेऊन गेला. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायला हवं होतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

८ मार्च
जेवताना नवरा म्हणाला, सगळ्या जगाला मार्क देतेस, मला किती? नऊ म्हटलं. खूप हसला. मी ताट तसंच ठेवून उठले.

९ मार्च
उद्या सोमवार. उद्या दिसेल. शिपाई नसताना विचारीन.

१० मार्च, सोमवार
सहीला धाकटा आला नाही. साडेदहाला थोरला आला, एकटाच. सकाळी जुन्या खाणीत पाय घसरला, बुडाला, म्हणाला. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच्यासमोर रडलेसुद्धा. जाताना त्यानं विचारलं, फाइल आजच बंद होईल ना?
संध्याकाळी पोलिसांचा कागद आला. 'जुन्या खाणीत अनोळखी तरुणाचा मृतदेह. प्रथम दिसला : दुपारी पावणेदोन.'