बरू समजून उपटलेली जवारी

माय, मेहकरच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, घरात आधी कोणाला असं होतं का? आईला, वडिलांना?" आणि मी नाही म्हणालो. त्याला आठ दिवस झाले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वर्षभर थकवा होता, जीभ चरचरायची, तळपाय बधिर असायचे. मी पित्त समजून ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिलो. घशातून दुर्बीण घातली तेव्हा कळलं की माझ्या पोटात ॲसिड जवळजवळ तयारच होत नाही. जे नव्हतंच त्याच्यावर मी वर्षभर औषध घेतलं. आता चिडायचं तरी कोणावर?

डॉक्टर समजावून सांगतात, पण माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. ते म्हणाले, पोटात एक जंतू असतो, बहुतेकांना तो लहानपणी घरातूनच लागतो. अंगातली राखण करणारी फौज त्याच्यावर धावून जाते. पण त्या जंतूचे काही भाग आपल्याच पोटातल्या, ॲसिड तयार करणाऱ्या पेशींसारखे दिसतात. फौज फसते आणि आपलंच पोट मारत सुटते. मग खाल्लेल्यातलं बी-बारा अंगाला लागत नाही, रक्त कमी होतं, पाय बधिर होतात.

"म्हणजे त्या जंतूनंच केलं हे?"

"असू शकतं काका. पक्कं नाही सांगता येत."

"मंग मारा ना त्याले."

"तुमच्या पोटात तो आता सापडलाच नाही."

"मंग पक्कं काय हाये, साहेब?"

"इंजेक्शन," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

मला तिथं बसल्या बसल्या आपलं खालचं वावर दिसत होतं. नुकतीच शाळा सोडलेला मी तुझ्या शेजारच्या ओळीत निंदतो आहे. जवारीत बरूचं तण माजलंय. कोवळा बरू थेट जवारीसारखा दिसतो. तू वळून पाहतेस तर मी अर्धी ओळ जवारीच उपटलेली.

"काऊन रे, हा बरू हाये का? तुह्ये डोये कुठी हायेत?"

"सारखंच दिसते व माय."

"सारखं दिसते म्हून तं बुडाशी पाहा लागते."

तू ती धाटं एकेक करून पुन्हा मातीत रोवलीस. संध्याकाळपर्यंत सगळी माना टाकून पडली होती.

तुझा चेहरा पिवळा पडला त्या वर्षी मी काही बुडाशी पाहिलं नाही. तुझी जीभ लाल, गुळगुळीत झाली होती. भाजी तिखट लागते म्हणून तू कोरडी भाकर पाण्यात बुडवून खायचीस. उपासांनी असं झालं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. मग मेहकरच्या स्टँडवर तू एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशी फाटकापर्यंत चालत गेलीस. मी चारचौघांत ओरडलो, "चप्पल पायातून गेली अन् तुले समजलं नाही? ध्यान कुठी असते तुह्यं?" तू खाली पाहिलंस. "पायाले समजलंच नाही रे बापू." मला वाटलं, सबब सांगते. पुढची दिवाळी तू पाहिली नाहीस.

तुला हेच होतं का, हे आता कोण सांगणार? डॉक्टर पुन्हा 'असू शकतं' म्हणतील. पण मलकापूरला दिलेली माझी मुलगी सहा महिन्यांपासून फोनवर सांगते, "बाबा, जीभ भाजल्यावाणी होते." आणि मी तिला काय सांगतो? उपास कमी कर. तू मला भाकर चावून भरवायचीस, सगळ्याच आया भरवत. मीही तिला तशीच भरवली. तो जंतू तुझ्या तोंडून माझ्या, माझ्या तोंडून तिच्या पोटात गेला असेल का, हाच घोर लागला आहे.

आज सकाळी तिला फोन केला. रक्त तपासून घे, बी-बारा पाहा म्हणालो.

"काऊन बाबा? कोणाले होतं असं?"

"तुह्या आजीले," मी म्हणालो. सोमवारी इंजेक्शनला जाईन तेव्हा डॉक्टरांनाही सांगीन. एवढं जमेल.

एक गोष्ट मात्र दोघांनाही सांगणार नाही, आणि हा कागद तर कोणाला जायचाच नाही. त्या दिवशी मी तुझ्या मागेच उतरलो, माय. चप्पल एसटीच्या पायरीवर राहिली ती मी पाहिली होती. तुला कधी समजतं ते पाहू म्हणून काही न बोलता ती हातात घेऊन मी फाटकापर्यंत तुझ्या मागून चालत आलो.