विटांवरचा रंग काढला, निखिल

प्रिय निखिल,

काल शेजारच्या मॉरीनची शिडी तिला परत देऊन आले. घराचं समोरचं काम संपलं. पलीकडच्या फुटपाथवर जाऊन मी, आपली ईरा आणि तुझी आई, आम्ही तिघी नुसत्या बघत उभ्या राहिलो. हो, आई इथे आल्या आहेत! हे सगळं तुला दुसरं कोण सांगणार, म्हणून लिहायला बसले.

आठवतं, घर बघायला आलो तेव्हा आत शिरायच्या आधीच तू हो म्हणून बसला होतास? हॉस्पिटलला चालत जाता येईल, एवढंच तुला दिसत होतं. मला दिसला समोरच्या विटांवरचा पिवळट रंग, जागोजागी पापुद्रे सुटलेला. मॉरीनचं घर आपल्याला चिकटूनच, पण तिच्या विटा लाल, मोकळ्या. तिच्या शेजारी आपलं घर आजारी वाटायचं.

"या उन्हाळ्यात नक्की," तू म्हणायचास. मग उन्हाळा यायचा आणि तुझी ड्युटीही. सगळे पेशंट तूच बघायला हवे होतेस का रे? आणि स्वतःच्या छातीत दुखतंय, हे मात्र घरी बोलला नाहीस.

तू गेल्यावर सगळे म्हणाले, मायदेशी परत या. तुझ्या दादांनी नागपुरात ईरासाठी शाळाही बघून ठेवली. मलाही तेच बरं वाटू लागलं. एका पगारात घराचा हप्ता, कामासाठी रोज सँडीफोर्डपर्यंत जाऊन येणं, ईराला शाळेतून आणायची धावपळ. मी घर विकायचं ठरवलं. एजंट गेटपाशीच थबकला. आत सगळं 'ग्रँड', म्हणजे छान आहे, म्हणाला, पण समोरून घर थकलेलं दिसतं, पांढऱ्या रंगाचा एक हात मारून घ्या. मोठं काम परवडणारं नव्हतंच. मी रंगाचे डबे आणले.

पहिला डबा उघडणार, तोच मॉरीन कुंपणापाशी आली. 'युअर मॅन'नं, म्हणजे आपल्याआधीच्या मालकानं, असाच रंग फासला आणि मग पुढच्या खोलीत ओल यायला लागली, असं तिनं सांगितलं. दर हिवाळ्यात आपण आतून ती ओल पुसत राहिलो, आणि दुखणं बाहेर होतं! जाड रंगामुळे विटेत शिरलेलं पाणी वाळतच नाही. मी डबे दुकानात परत केले आणि रंग काढायचं औषध घेऊन आले.

त्याच सुमारास आई आल्या, आम्हाला घेऊन जायला. सुरुवातीला त्या खिडकीतून नुसत्या बघायच्या. मग एका सकाळी साडीवर तुझं निळं रेनजॅकेट चढवून बाहेरच आल्या. तुझं जॅकेट इतके दिवस मी खुंटीवरून हलवलं नव्हतं. लांब पडणाऱ्या बाह्या मी दुमडून दिल्या.

मी औषधाचा लेप लावायचा, रंग मऊ झाला की खरवडायचा, आणि आईंनी ब्रशनं विटा घासून धुवायच्या. जोराच्या फवाऱ्याचं मशीन भाड्यानं मिळत होतं, पण त्यानं जुन्या विटेचं वरचं कातडंच निघून येतं. मग विटांमधल्या भुसभुशीत झालेल्या फटी उकरून त्यांत चुना भरला. माझ्या ओळी वाकड्या आल्या आहेत. तू हसला असतास.

मॉरीन चहा आणायची आणि आईंजवळ पायरीवर बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. एकदा तिनं घरातून एक फोटो आणून आईंना दाखवला. तिचाही मुलगा तरुणपणीच गेला, निखिल. इतकी वर्षं शेजारी राहून आपल्याला हे माहीत नव्हतं. आईंनी तो फोटो मांडीवर घेतला आणि रडल्या. तू गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुना कालवता कालवता त्या म्हणाल्या, "काहून विकतेस हे घर?"

मी म्हटलं, तुम्हीच तर न्यायला आलात.

"इथं तुमचं कोणी नाही, असं वाटत होतं मले. आता पाहिलं ना. पोरीचा जीव इथं आहे. नको नेऊ तिले."

मी एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं. उरलेल्या पैशांत दाराला रंग आणला. ईरानं मोहरीच्या फुलांसारखा पिवळा निवडला आणि दार तिनंच रंगवलं.

रविवारी आईंचं विमान आहे. आज दुपारी त्या बॅग भरत होत्या. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. आज मात्र ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि शब्द जुळवत म्हणाली, "आजी, तू परत ये. मी घ्यायला येते."

आईंनी घडी घातलेली साडी पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घालायला घेतली.

त्यांना एकटं पडू देणार नाही, निखिल. दर उन्हाळ्यात त्या इथे येतील, नाहीतर आम्ही तिकडे जाऊ. आणि एका उन्हाळ्याची भेट पुढच्या उन्हाळ्यावर मी ढकलणार नाही.

तुझीच,
शर्वरी