कडक शिक्षा, नऊ रेघा

१८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, बायकोला, नेड्रालासुद्धा नाही.

कलूसा स्टेट युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम वाचवायचं काम माझ्यावर आलंय. मी, रॉइस हडस्पेथ, नियमपालन अधिकारी. प्रकरण असं. वसंतातल्या एका महिन्यात कोचने शाळकरी खेळाडूंना भेटायचं नाही, असा नियम. आमचे कोच ब्रॅनम भेटले नाहीत. त्यांनी टेव्हिन नावाच्या पोराच्या चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्मा घेतला. त्या महिन्यातला तिसरा, तिसऱ्या गावात. आता देवाच्या दारात गाठ पडली तर तिला नियम कसा लावायचा? पण नंतर टेव्हिनच्या आईच्या घरावर नवीन छप्परही चढलं. ते कोणी चढवलं हे देवाला ठाऊक, आणि आता चौकशी समितीलाही.

आपण होऊन आधीच शिक्षा घेतली तर समिती नरम पडते. शिक्षा मी ठरवायची. मुदत शुक्रवार. न्याय्यच ठरवणार, अगदी कडक.

२० सप्टेंबर, बुधवार
पहिला मसुदा तयार. एकच वाक्य: चूक कोचची, म्हणून कोचने या मोसमातले चार सामने घरी बसावं. वाचून बरं वाटलं. कोचना दाखवला. वाचून त्यांनी कागद परत सरकवला. मग विचारलं, "रॉइस, तुझ्या पेन्शनला किती वर्षं राहिली रे?" माणूस किती काळजी करतो! दोन वर्षं, म्हणालो. "सांभाळून राहा," म्हणाले.

मसुदा जरा घाईचा होता, हे लक्षात आलं. कागद फेकला नाही, पाठकोरा होता. नेड्राने त्यावर किराण्याची यादी करून फ्रिजवर लावला.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
सुचलं! बोल गेम सोडायची! म्हणजे मोसम संपल्यावरचा मानाचा सामना. त्यासाठी सहा सामने जिंकावे लागतात. आम्ही तीन खेळलो, तिन्ही आपटलो. घरात दाणा नसताना उपास धरायला काय जातं? शिक्षा दिसायला कडक, लागायची कोणालाच नाही. पाठवून दिली.

जेवताना सांगितलं. कॉय, माझ्या बहिणीचा, व्हर्नाचा मुलगा, पाच वर्षं आमच्याकडे वरच्या खोलीत राहतो. टीमचा सेंटर, म्हणजे चेंडू पायांमधून मागे देणारा. त्याचं हे शेवटचं वर्ष, आणि बोल गेम त्याने अजून एकदाही खेळलेली नाही. त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, "आणि सहा जिंकलो तर, मामा?" मी इतका हसलो की चहा नाकात गेला. तो हसला नाही. प्रॅक्टिसने थकला असेल.

२४ सप्टेंबर, रविवार
काल जिंकलो. चेंडू फेकणाऱ्या पोराचा गुडघा गेला म्हणून यंदाच टीममध्ये आलेल्या टेव्हिनला उतरवलं. पोरगं आहे बाकी तोफ. असो, आंधळ्याच्या हातीही कधी लाव्हरी लागते.

चर्चहून आलो तर पत्रपेटीजवळ, मोटारीच्या वाटेवर आडवी पांढरी रेघ. पाइपवाले खूण करून गेले असतील.

२ ऑक्टोबर, सोमवार
समितीचं पत्र आलं. शिक्षा मंजूर, "अनुकरणीय" म्हटलंय. फ्रेम करायला टाकलं.

शनिवारी पुन्हा जिंकलो. काल चर्चहून आलो तर दुसरी रेघ, पहिलीपेक्षा घराच्या जवळ.

८ ऑक्टोबर, रविवार
तिसरा विजय, तिसरी रेघ. टेप लावून मोजलं. रेघेपासून रेघ बरोबर पाच यार्ड, मैदानावर असतात तशी. रंगही मैदानाचाच. म्हणजे कोणीतरी चाहता आहे. टीम वाचवल्याबद्दल माझा सत्कार चाललाय. पद्धत थोडी विचित्र, पण भावना महत्त्वाची.

समोरच्या मिस ओपलना विचारलं, कोण मारतं हो? ऐंशी वर्षांची बाई दिवसभर झोपाळ्यावर बसून असते. म्हणाली, "मला सगळं दिसतं, रॉइस. देव तुझं भलं करो रे बाबा." आणि दार लावून घेतलं. हल्ली हा आशीर्वाद सगळेच देतात. पोस्टातही मिळाला.

१५ ऑक्टोबर, रविवार
चार. युनिव्हर्सिटीच्या रंगाच्या गोदामाची चौकशी लावली. सगळ्यांचे जबाब घेणार. घरावर लक्ष ठेवायला कॉयला नेमलं. रविवारी सकाळी तो घरीच असतो, अंग ठणकतं म्हणून पडून राहतो. "ठेवतो नजर, मामा," म्हणाला. गुणी पोर.

२२ ऑक्टोबर, रविवार
पाच. कॉयचा अहवाल: कोणी परका माणूस दिसला नाही. गोदामातूनही काही निघालं नाही.

चर्चच्या जेवणात मी नेलेल्या कॅटफिश माशाला कोणी शिवलं नाही. शेजारच्या ताटल्या चाटूनपुसून साफ. मीठ जास्त झालं असावं. न्हाव्याने दाढी करताना एक शब्द काढला नाही. वस्तरा मानेवर होता तेवढा वेळ दुकानातले बाकीचेही गप्प होते.

२९ ऑक्टोबर, रविवार
या आठवड्यात सामना नव्हता. रेघही नाही. गाढ झोपलो. उद्यापासून रोज दोन मैल चालणार.

५ नोव्हेंबर, रविवार
सहा. आता आम्ही बोल गेमला पात्र. म्हणजे असतो. काल रात्री गावात एक हॉर्न वाजला नाही. जिंकल्यावर इतकं शांत गाव मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. रेघ पेकनच्या झाडापर्यंत आलीय.

चालायला गेलो नाही. रस्त्यावर ट्रक फार हळू जातात.

६ नोव्हेंबर, सोमवार
समितीला फोन केला. शिक्षा परत घेता येईल का? तिकडची बाई म्हणाली, "अहो, तुम्हीच मागितलीत ना?" मग म्हणाली, बदलता येईल, पण जो खरा दोषी, त्याने तेवढीच शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यायची. कोचने पुढच्या मोसमाचे सहा सामने बाहेर बसायचं, तसं सही करून द्यायचं. मुदत २७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच.

सोपं आहे. पत्र टाइप केलं. उद्या कोचकडे नेतो.

७ नोव्हेंबर, मंगळवार
कोच घाईत होते.

९ नोव्हेंबर, गुरुवार
कोच मोकळे होते, पण फार आनंदात होते. आनंदातल्या माणसाला असं काही दाखवणं बरं नव्हे.

१३ नोव्हेंबर, सोमवार
काल सातवी रेघ. आज मी कोचच्या दारापर्यंत गेलो होतो. आत टेव्हिनची आई होती. दोघं हात धरून प्रार्थना करत होते. प्रार्थनेत खंड पाडणं पाप. बुधवारी नक्की.

१५ नोव्हेंबर, बुधवार
पोट बिघडलं.

१९ नोव्हेंबर, रविवार
आठ. पायऱ्यांच्या अलीकडे. नेड्रा पायऱ्यांवर उभी राहून रेघेकडे बघत होती. तिला पत्राचं सांगितलं. ताडकन म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, आणि आता दोर कापायला पोट दुखतंय होय रे तुझं?" मी म्हणालो, तुला प्रशासन कळत नाही. तिने बिस्किटं केली, पण त्यांवर ओतायची ग्रेव्ही केली नाही.

कॉय जेवताना "हो मामा, नाही मामा" याच्यापुढे गेला नाही. एकदाच विचारलं, अजून मुदत आहे ना? आहे की, म्हणालो. त्याला मुदतीचं कोणी सांगितलं?

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
टर्की कोरडी झाली. सोमवारी सकाळी आठला कोचच्या ऑफिसात. हे लिहून ठेवतो म्हणजे ठरलं.

२६ नोव्हेंबर, रविवार. दुपार
काल नववा विजय.

आज सर्दी होती म्हणून चर्चला गेलो नाही. नेड्रा एकटी गेली. दहा वाजता बाहेर चाकांचा आवाज आला. पडदा सारला. कॉय होता. मैदानावरचं रंगाचं यंत्र ढकलत पायऱ्यांपाशी आला, ते उचलून वर घेतलं आणि माझ्या उंबऱ्याला लागून नववी रेघ मारली. शांतपणे, दोरी लावून, सरळ.

मी दार उघडलं. रंग कुठून आणलास, असं विचारलं. "विकत," म्हणाला. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. एका बाजूला नेड्राची यादी: कांदे, मक्याचं पीठ, लोणी. दुसऱ्या बाजूला माझं वाक्य, कोचने चार सामने घरी बसावं.

म्हणाला, "फ्रिजवर सापडला, मामा. तुम्ही आधी खरं तेच लिहिलं होतंत. मला वाटलं, आम्ही जिंकत राहिलो तर तुम्हाला ते परत लिहावं लागेल. म्हणून मोजून दाखवत होतो." रेघेकडे बोट करून म्हणाला, "ही गोल लाइन, मैदानाची शेवटची रेघ. पुढे जागा नाही आता."

ओरडला असता तर बरं झालं असतं. कागद माझ्या हातात दिला, बॅग पिकअपमध्ये टाकली आणि आईकडे गेला. समोर मिस ओपल झोपाळ्यावर होती. आज तिने आशीर्वाद दिला नाही.

मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार
बरोबर आठला पोचलो. पत्र हातात, पेन खिशात. भाषण पाठ केलं होतं. पेन्शन गेली खड्ड्यात, असंही त्यात होतं.

कोचचं ऑफिस उघडं होतं. भिंतीवर चित्रांच्या जागी नुसते खिळे. सफाईवाली म्हणाली, "टीव्ही बघत नाही का तुम्ही? सहा वाजताच्या विमानाने गेले ना." दुसऱ्या युनिव्हर्सिटीत, आमच्या तिप्पट मोठ्या. टेव्हिनही जाणार म्हणे.

समितीला फोन केला. ती बाई म्हणाली, तुमच्याकडे नोकरीला नसलेल्या माणसाची सही तुमच्या पत्रावर चालत नाही. आणि नव्या ठिकाणी शिक्षा लावायची तर तसं तुमच्या मूळ अर्जात हवं होतं. तिथे तर कोचचं नावच नव्हतं. "तुमचा अर्ज फार नीटनेटका होता," म्हणाली.

१ जानेवारी
समितीचं शेवटचं पत्र परवा आलं. प्रकरण बंद. युनिव्हर्सिटीने स्वतःला योग्य ती शिक्षा करून घेतल्यामुळे कोणाही व्यक्तीवर कारवाईची गरज उरलेली नाही. शिवाय मार्चच्या परिषदेत न्याय्य शिक्षेवर बोलायला मला बोलावलंय.

नेड्रा सकाळीच व्हर्नाकडे गेली. नव्या वर्षाची शकुनाची चवळी तिथेच करणार, कॉयला आवडते म्हणून. माझ्यासाठी वाटीभर आधीच शिजवून झाकून ठेवलीय. फ्रिजवरच्या चिठ्ठीत लिहिलंय, गरम करून घे.

दोन दिवस पाण्याचा पंप लावून रेघा घासतोय. आठ पुसट झाल्या. उंबऱ्याजवळची हलत नाही. रंग चांगल्यातला आहे.

टीव्हीवर बोल गेम सुरू झाली. आमच्या जागी जी टीम गेली, तिला आम्ही ऑक्टोबरात हरवलं होतं. त्यांच्या सेंटरची आई कॅमेऱ्यासमोर रडत होती, आनंदाने.

टीव्ही बंद केला. चवळी गारच खाल्ली. परिषदेला होकार कळवायचा की नाही, ते उद्या ठरवू.