एका नावाची दोन माणसं

४ जून
नोकरी लागली! वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, दोन संगणक, कुरकुरणारा पंखा. वाचनालय आपल्या शहराचा विकी चालवतं. गल्ल्या, दुकानं, माणसं. ज्याला जे ठाऊक, ते त्यानं लिहायचं. पानांना नीट नावं देणं आणि एका पानाचे दुवे दुसऱ्याशी जोडणं हे माझं काम. पान असेल तर दुवा निळा दिसतो, नसेल तर लाल. शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणारे काका म्हणाले, घाई करू नकोस, एका नावाची दोन माणसं असतात. मी नुसती मान डोलावली. मला काय लहान बाळ समजतात!

७ जून
कामाचा सपाटा लावला. एकाच नावाची दोन पानं दिसली की एक पुसायचं आणि त्याचे दुवे दुसऱ्याकडे वळवायचे. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. संध्याकाळी समोरच्या शिंपीदादांकडे कोट शिवायला टाकला. दादा भारी गप्पिष्ट. म्हणाले, पगार वाढला की माणूस रुंदावतो, म्हणून शिवणीत थोडं कापड राखून ठेवतो.

९ जून
शिंपीदादा गळ्यात टेप तसाच ठेवून वर आले. म्हणाले, "ताई, माझ्या नावावर टिचकी मारली की गिरणीच्या आगीत गेलेला माणूस येतो. जरा बघता का?"
बघितलं. नाव एकच. मी वाचलंच नव्हतं. जिवंत माणसाचं पान पुसून त्याला मेलेल्यावर वळवलं होतं. कान तापले. ग्रंथपालबाई शेजारीच उभ्या. तोंडातून निघून गेलं, की हे काकांनी केलं असेल.
काका माझ्याकडे बघत राहिले. बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मी खाली मान घालून कीबोर्ड पुसत बसले. दादांना म्हटलं, उद्या करते.

१० जून
दुकान बंद. दादांच्या बायकोला विचारलं. ती चमकून म्हणाली, अहो, ते तर गिरणीच्या आगीत गेले, मुलगी पोटात होती तेव्हाच. आत माझा कोट टांगलेला, एकाच बाहीचा. कुणाचा, तिला ठाऊक नव्हतं.
पान पुन्हा लिहिलं. जतन केलं की कोरं. दुवा लाल तो लालच.
काकांना विचारायला हवं. पण त्यांनी कालच राजीनामा दिला. कुठल्या तोंडानं विचारू?

११ जून
दुपारी दादा आले. बाई त्यांच्या अगदी समोरून गेल्या. बाईंना दादा दिसलेच नाहीत. दादांनी अदबीनं विचारलं, ताई, झालं का?
म्हटलं, उद्या.

१२ जून
आज जिना भरलाय. फुलवाली, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा – मी पुसलेली सगळी. कुणी ओरडत नाही. ओरडले असते तर बरं –
एकीच्या कडेवर बाळ. त्याचं तर पानही नव्हतं –
सगळ्यांना सांगितलं, उद्या या.

१३ जून
दारावर हलकीशी टकटक. वाट बघत बसलो तर चालेल ना, म्हणून विचारतायत. इतकं आपुलकीनं –
काकांना फोन केला. मी रडले. ते शांतपणे म्हणाले, मला नको सांगू पोरी, त्यांना सांग.
लिहून बघते आधी.
कडी काढते. सांगते, की उद्याही काही होणार नाही. सांगते, की काकांचा दोष नव्हता. की हे सगळं केलं ते –